रेशी मशरूमचा अर्क घेण्यापूर्वी
रेशीने कर्करोग बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर हा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डबीवरील ‘पॉलिसॅकराइड’चा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा) मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, धान्यावर वाढवलेल्या बुरशीतील स्टार्चही त्यातच मोजला जातो, म्हणून बीटा-ग्लुकनचे (मशरूममधील खास पॉलिसॅकराइडचे) प्रमाण वेगळे छापलेले आहे का, ते पाहावे. स्टार्च ओळखायचा, तर पाण्यात अर्काची चिमूटभर भुकटी कालवून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. रंग निळा-काळा झाला, तर स्टार्च आहेच. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर अर्क तत्काळ थांबवून, डबी सोबत घेऊन यकृताच्या तपासणीसाठी जावे.