बी ढिगातून नको, तापात फळ धरलेल्या झाडावरून घ्या

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेली उन्हाळी मिरची आता भर फुलात आहे आणि सोलापुरात पारा ४० च्या वर गेलाय. सकाळी मल्चिंग पेपरवर पांढऱ्या फुलांचा सडा दिसला की आपला हात आधी पंपाकडे जातो. जरा थांबा. झाडावरची चार फुलं पांढऱ्या कागदावर झटका. बारीक फुलकिडे पळताना दिसले तर फवारणीचं बघा. काहीच दिसलं नाही, तर ही बहुतेक उन्हाची गळ. दिवसा ३५ अंशांच्या पुढं गेलं आणि रात्रीही २४-२५ च्या खाली उतरलं नाही, की मिरचीचे परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट पिवळं पडून गळतं. मेलेले परागकण टॉनिक मारून जिवंत होत नाहीत.

पण बी निवडायला हेच दिवस चांगले. याच तापात प्लॉटमधली काही झाडं फळ धरतात. आपण मात्र बी धरतो ते वाळलेल्या मिरचीच्या ढिगातून, लांब आणि लालभडक मिरच्या वेचून. त्या कुठल्या झाडाच्या, मार्चमधल्या बऱ्या हवेत लागलेल्या की वैशाखात, ते ढीग सांगत नाही.

म्हणून आता रंगीत दोरा घेऊन सरीत उतरा. लाट सुरू झाली त्या दिवशी जिथं फूल उमललंय, त्या पेराच्या खाली सैल दोरा बांधा. पंधरा दिवसांनी दोऱ्याच्या वर किती मिरच्या धरल्यात तेवढंच मोजा. खाली कितीही लगडलेलं असलं तरी ते हिशेबात नको.

इथं एक फसगत होते, मीही फसलोय. एका उन्हाळ्यात हौसेनं आठ झाडं निवडली, सगळी हिरवीगार. पुढच्या वर्षी त्यांच्या बियांची रोपं इतरांसारखीच फुलं गाळत बसली. नंतर ध्यानात आलं, आठातली सहा झाडं लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, गळक्या जोडापाशी होती! झाड काटक नव्हतं, त्याला पाणी जास्त मिळत होतं. तेव्हापासून गळका ड्रिपर, बांधाची सावली आणि कडेच्या दोन ओळी सोडून देतो. दहा गुंठ्यांत ६० बाय ४५ सेंटिमीटरवर साडेतीन हजारांच्या वर झाडं बसतात. गुंठ्यागुंठ्याचे दहा तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यातली तीनच झाडं त्याच तुकड्यातल्या शेजाऱ्यांशी ताडून निवडा. म्हणजे हलक्या रानातलं चांगलं झाड भारी रानातल्यापुढं मार खात नाही. चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, दिसलेलं झाड कितीही लगडलेलं असो, घेऊ नका.

मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडी ३५-१ ज्वारी १९३० च्या दशकात स्थानिक वाणातून अशीच निवडून काढली. ज्वारीला जमलं ते मिरचीला का जमू नये?

मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळतं, पण मधमाश्या बाहेरचा परागही भरपूर आणतात. प्रमाणित बियाण्याला दोन वाणांत २०० मीटर अंतर लागतं. आपल्या तुकड्यांच्या शेतीत ते कुठलं मिळायला! त्यापेक्षा निवडलेल्या झाडाच्या एकदोन फांद्यांना कळ्या उमलायच्या आत मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा आणि रोज सकाळी हलकं टिचकवा. प्लास्टिकची पिशवी नको, आत फूल शिजतं. शेजारी तिखट मिरची असली की ढोबळी तिखट होते असं म्हणतात, पण यंदाच्या फळाच्या चवीत फरक पडत नाही. फरक दिसतो तो त्या फळातलं बी पेरल्यावर.

सुरुवात फुले ज्योती, पुसा ज्वाला किंवा अर्का लोहित अशा सरळ वाणातून करा, म्हणजे ज्याच्या बियातून तसंच झाड येतं. हायब्रीडचं, म्हणजे दोन वाणांच्या संकराचं, बी धरलं तर पुढच्या पिढीत नाना तऱ्हेची झाडं निघतात, आणि त्यातून एकसारखा वाण बसवायला सहा-सात पिढ्या निवड करावी लागते. चिकाटी असेल तर तीही वाट आहे.

फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, फूल उमलल्यापासून साधारण ४० ते ५० दिवस. तोडून सावलीत वाळवा, पत्र्यावर नको. तंबाखू मळलेल्या हातानं रोपाला किंवा बियाला शिवू नका, तंबाखूचा मोझॅक विषाणू हातावरून मिरचीवर येतो. साबणानं हात धुवा, मग बी काढा.

सगळं बी एकत्र करू नका. प्रत्येक झाडाची पुडी वेगळी, वर गुंठ्याचा आणि झाडाचा नंबर. पुड्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. हे बी यंदाच्या खरिपाच्या रोपवाटिकेला हाती लागणार नाही, आणि घाईही नको, कारण परीक्षा उन्हाळ्यातच व्हायला हवी. डिसेंबरात पेरणीआधी किलोभर बियाला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा. पुनर्लागवड करताना एका पुडीची वीस रोपं एका ओळीत लावा, आणि दर पाच ओळींनंतर मूळ वाणाची एक ओळ टाका. पुढच्या वैशाखात दोरा पुन्हा बांधायचा, पण मोजायचं ओळीनं. शेजारच्या मूळ वाणाच्या ओळीपेक्षा जी ओळ ठळक जास्त धरेल, तिच्यातलंच बी पुढं न्या.