इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश निवडताना

दहावीपर्यंत मराठी माध्यम, बाजारात नि बसमध्ये कन्नड, आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलं की एकदम सगळं इंग्रजी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी मुलांचा हाच रस्ता आहे. व्याकरण हळूहळू जमतं, अडतं ते वाक्प्रचारांपाशी. अशा वेळी बहुतेक जण समोर दिसेल ती इंग्रजी-मराठी पुस्तिका उचलतात. खरेदीआधी अर्धा तास काढलात, तर चांगला कोश हाती लागेल.

आधी घरीच चार-पाच वाक्प्रचार कागदावर लिहून घ्या. त्यात 'पुल समवन्स लेग' असू द्याच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या खानापूरकडच्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं की भाऊबंद तिच्या वडिलांचा 'लेग पुल' करतात, म्हणून त्यांचा धंदा वर येत नाही. तिच्या पुस्तिकेत अर्थ दिला होता 'पाय ओढणे', बस्स. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे दुसऱ्याला वर येऊ न देणं. इंग्रजीत मात्र ती निव्वळ थट्टा, खोटंच काही सांगून गंमत करणं. मुलीची मेहनत खरी होती, तिला फसवलं ते अर्ध्या ओळीच्या अर्थाने. 'गेट कोल्ड फीट'चंही तसंच. आपले हातपाय कुठल्याही भीतीने गार पडतात, पण हा वाक्प्रचार ठरवलेली गोष्ट तोंडावर आली की धीर सुटतो, तेव्हाचा आहे. हा फरक कोशातली उदाहरणं वाचून कळला पाहिजे. प्रत्येक नोंदीला निदान एक पूर्ण वाक्य नसेल, तर तो कोश खाली ठेवा.

मग शिक्के बघा: अनौपचारिक, जुनाट, ब्रिटिश, अमेरिकन. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, एवढंच वाचून कुणी तो सांत्वनाच्या पत्रात घातला तर घरच्यांच्या काळजाला घरं पडतील. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आपल्याकडे अजून पाठ करून घेतात, पण आज तो बोलण्यात फारसा येत नाही. पेल्यातलं वादळ ब्रिटिशांकडे 'स्टॉर्म इन अ टीकप' होतं, अमेरिकेत 'टेम्पेस्ट इन अ टीपॉट'. दोन्ही बरोबर आहेत, कुठला कुठे चालतो ते कोशाने सांगावं.

शब्द किती हलवता येतात, हेही तपासा. 'स्पिल द बीन्स' (गुपित फोडणे) याचं कर्मणी रूप चालतं, 'किक द बकेट'चं केलं की खरोखरची बादलीच उरते.

शोधण्याची सोय दुकानात उभ्या उभ्या पाहून घ्या. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' काही कोशांत 'लेट'खाली असतो, काहींत 'कॅट'खाली. मागे सूची असेल तर बरं.

आता नावं. शिकणाऱ्यांसाठी कॉलिन्स कोबिल्डचा कोश (पहिली आवृत्ती १९९५) मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो आणि उदाहरणं प्रत्यक्ष वापरातली देतो. केंब्रिज आणि लाँगमन यांचे १९९८ सालचे कोशही शिकणाऱ्यांसाठीच केलेले. ऑक्सफर्डच्या बाबतीत मात्र जपून: 'ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ इडियम्स' (१९९९) सर्वसाधारण इंग्रजी वाचकासाठी आहे, त्यात वाक्प्रचार कुठून आला हेही येतं. शिकणाऱ्यांसाठी त्यांचा वेगळा कोश आहे, नावात 'लर्नर्स' शब्द असलेला. नावं सारखी असल्याने बेळगावच्या खडेबाजारातल्या गर्दीत चुकीचा हातात पडू शकतो. मुखपृष्ठ शांतपणे वाचा आणि आतल्या पानावर आवृत्तीचं साल बघा. 'इतके हजार वाक्प्रचार' या आकड्यावर जाऊ नका. रोजच्या वाचनात भेटणारे नीट समजावलेले असले की पुरे.

पैसे तंग असतील तर घाई नको. केंब्रिज, लाँगमन आणि ऑक्सफर्ड लर्नर्स यांचे सर्वसाधारण शब्दकोश मोबाइलवर फुकट बघता येतात आणि त्यांत वाक्प्रचारही आहेत. तुमचा कागद आधी तिथे ताडून पाहा, मग त्याच नोंदी वाचनालयातल्या छापील कोशात काढा. ज्या कोशातली नोंद एकदा वाचून तुम्हाला स्वतःचं एक वाक्य लिहिता आलं, तो घ्या.