आधी पन्हा विचारा, मग भाव

सांगलीहून इंदूरला येऊन मला बावीस वर्षं झाली. येताना शिलाई मशीन सोबत आणलं होतं, पण पहिलं वर्षभर कापड महागच घेत राहिले, कारण दुकानात शिरल्याबरोबर मी भाव विचारायचे. तुम्ही आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. इथे हिंदीत त्याला ‘पना’ म्हणतात. लांब बाह्यांचा कुर्ता ३६ इंची पन्ह्यात साधारण तीन मीटर खातो, ४४ इंचीत अडीच मीटरमध्ये बसतो. समजा पहिलं कापड १०० रुपये मीटर आहे आणि दुसरं ११५. पहिल्याचा कुर्ता ३०० रुपयांना पडला, दुसऱ्याचा २८८ला. शिवाय दुसऱ्यात जोड कमी येतात.

राजवाड्याजवळ दोन ठिकाणं आहेत. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एमटी क्लॉथ मार्केट, हा मूळचा ठोक बाजार. तिथले बरेच व्यापारी अख्ख्या थानाखाली, म्हणजे पूर्ण ताग्याखाली, बोलत नाहीत. म्हणून आम्ही चौघी शेजारणी मिळून जातो, अस्तराचं किंवा पॉपलिनचं एक थान घेतो आणि घरी वाटून घेतो. दोन-चार मीटरच हवं असेल तर शीतलामाता बाजार बरा. मराठीत बोलायला बिचकू नका, कितीदा तरी समोरून मराठीतच उत्तर येतं.

कटपीस मिळाला तर सोडू नका, पण तो पूर्ण उलगडून उजेडाकडे धरा. घडीच्या रेघेवर रंग उडालेला असतो, कधी मध्येच धागा तुटलेला असतो. आपली टेप पिशवीत ठेवा. कापड मोजताना ताणलं जात असेल तर तिथल्या तिथे सांगा, ‘भैया, ढीला छोड़ के नापो.’ दोन बोटांत चोळून पाहा: पांढरी भुकटी पडली तर खळ भरपूर आहे, पहिल्या धुण्यात कापड विरविरीत होणार. खरंच सुती आहे का अशी शंका आली तर कडेचे दोन धागे घरी आणून जाळा. सुताची मऊ राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो.

आणि कापण्याआधी भिजवा, अस्तरसुद्धा. एका दुकानातून ‘धुतलेलं आहे’ या शब्दावर अस्तर आणलं आणि भाचीच्या साखरपुड्याचं ब्लाउज तसंच शिवलं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, वरचं कापड जागच्या जागी राहिलं आणि पाठीवर सगळ्या चुण्या पडल्या. उसवूनही ते सरळ झालं नाही. ती रडली, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून कापड रात्रभर साध्या पाण्यात ठेवते, न पिळता सावलीत वाळवते आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करते.

सगळ्यात स्वस्त कापड मात्र मला साड्यांच्या सेलमध्ये मिळतं. साडेपाच मीटरची सुती साडी, पन्हा ४४-४५ इंच, म्हणजे दोन कुर्ते सहज निघतात. काठ बाह्यांना लावा, पदर पुढच्या भागाला. मीटरचा हिशोब काढला की सुट्या कापडापेक्षा ती बहुतेक वेळा कमीच पडते. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटरवर आहे. माहेश्वरी कापड स्वस्त नसतं, पण तिथे गेलात तर विणकरांकडे उरलेले तुकडे विचारा. ब्लाउजला ८० सेंटिमीटर पुरतात.

पहिल्या खेपेला अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता सोबत न्या. पन्हा कळला की तो कुर्ता कापडावर पसरा, किती मीटर लागेल ते तिथेच दिसेल.