प्राथमिक शाळेतील मुलांची पोषणस्थिती कशी तपासावी

मुलाचे वजन कमी आहे की योग्य, हे नुसत्या किलोंवरून ठरत नाही. त्यासाठी नेमके वय, उंची आणि वजन या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पाच वर्षांनंतर अंगणवाडीतील निकष लागू होत नाहीत. तिथून पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे तक्ते वापरावेत. ते मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगवेगळे असून त्यांत वय महिन्यांत दिलेले असते. म्हणूनच जनरल रजिस्टरमध्ये (शाळेतील प्रवेशाच्या नोंदवहीत) १ जून अशी ठोकळ जन्मतारीख आढळली, तर जन्मदाखला पाहून खात्री करून घ्यावी.

वजनकाटा फरशीसारख्या सपाट, टणक जागी ठेवावा आणि वजन ठाऊक असलेली वस्तू ठेवून आधी पडताळावा. चपला-बूट, स्वेटर, खिशातील वस्तू काढून वजन १०० ग्रॅमपर्यंत नोंदवावे. उंची मोजताना टाचा, नितंब व खांदे भिंतीला टेकलेले, गुडघे सरळ आणि नजर समोर असावी. मुलींची वेणी किंवा अंबाडा डोक्यावर येत असेल तर तो सोडावा. डोक्यावर काटकोनी पट्टी टेकवून उंची मिलिमीटरपर्यंत वाचावी व दोनदा मोजावी.

वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, मिळतो. सात वर्षे पूर्ण झालेल्या एका मुलीची उंची ११६ सेंमी आणि वजन १६.८ किलो आहे असे समजू. तिचा बीएमआय १२.५ येतो. तक्त्यात मध्यक (मधला आकडा) आणि त्यापासूनचे अंतर मोजणाऱ्या प्रमाण विचलनाच्या रेषा असतात; उणे दोनच्या खाली मूल कृश, म्हणजे फार बारीक, आणि उणे तीनच्या खाली तीव्र कृश समजतात. या वयाच्या मुलींसाठी मध्यक १५.४, उणे दोन प्रमाण विचलनाची रेषा १२.७ आणि उणे तीनची ११.८ असल्यामुळे ती कृश ठरते, तीव्र कृश नव्हे. मात्र तिचा अर्धा किलोचा स्वेटर अंगावर राहिला, किंवा ती वाकून उभी राहिल्याने उंची ११४ सेंमी भरली, तर उत्तर १२.९ येते आणि हीच मुलगी कागदावर निरोगी दिसते. मोजमापाच्या शिस्तीबाबत इतका आग्रह धरण्याचे कारण हेच आहे. अधिक एक विचलनाच्या वर, म्हणजे या वयाच्या मुलींत १७.३ च्या वर, बीएमआय गेल्यास वजन जास्त समजावे, आणि अधिक दोनच्या (१९.८) वर गेल्यास स्थूलता.

उंचीही स्वतंत्रपणे तपासावी. सात वर्षांच्या मुलीची उंची १०९.९ सेंमीपेक्षा कमी असेल तर तो खुजेपणा होय. अशा मुलीचा बीएमआय योग्य येऊ शकतो, आणि दीर्घकाळाची उपासमार किंवा वारंवारचे आजार नजरेआड होतात.

आकड्यांसोबत मुलाकडेही पाहावे: पांढुरकी जीभ व पापण्यांची आतली बाजू, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरील फेसाळ डाग, निस्तेज केस. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून खळगा पडत असेल, तर वजन कितीही भरो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पहिली ते पाचवीच्या मुलांना शालेय पोषण आहारातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे, पण ते एकच जेवण असते. म्हणून मूल सकाळी काय खाऊन आले आणि रात्री काय जेवते, हे आपुलकीने, एकट्याला विचारावे. वर्गात कोणाचेही वजन मोठ्याने वाचू नये.

मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदाच येते. कृश आढळलेल्या मुलासाठी त्याची वाट न पाहता पालकांना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यावी आणि तीन महिन्यांनी त्याच काट्यावर पुन्हा वजन घ्यावे.