पंखा मंद झालाय? कपॅसिटर ओळखावा कसा आणि बदलावा कसा

एप्रिल-मे आला की ठाण्यात ही तक्रार हमखास ऐकू येते: पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो. मग कुणी व्होल्टेज कमी आहे म्हणतं, कुणी महावितरणच्या नावाने बोटं मोडतं, कुणी सरळ नवा पंखा आणायला निघतं. शेजारच्या खोलीतला पंखा नीट वारा देत असेल तर व्होल्टेजला दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे पंख्याच्या मोटरला जोडलेली वीज साठवणारी छोटी डबी, उतरलेला असतो आणि तो शंभर रुपयांच्या आसपास मिळतो.

काम अवघड नाही. लोक मायक्रोफॅरडचा, म्हणजे कपॅसिटरच्या क्षमतेचा, आकडा मात्र नेमका जुळवतात आणि कपॅसिटरची जात बघतच नाहीत. खरी गडबड तिथेच होते.

आधी दोष कुठे आहे ते बघा

पंखा बंद करून पातं हाताने फिरवा. अडकत किंवा घासत असेल तर बेअरिंग गेलंय, कपॅसिटर बदलून काही होणार नाही. पातं मोकळं फिरतंय, पण चालू केल्यावर नुसती घूं घूं होते आणि झाडूच्या काठीने ढकलल्यावर ज्या दिशेला ढकलाल तिकडे पंखा चालू लागतो, तर कपॅसिटर मेला असं समजा. पाचवर ठीक आणि बाकी आकड्यांवर बंद, असं असेल तर पंखा सोडून रेग्युलेटर बघा. टप्प्याटप्प्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्येही छोटे कपॅसिटर असतात आणि तेही जातात. रिमोटवाल्या बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरच्या) पंख्याला हा लेख लागू नाही. त्यात ही डबी नसते.

पंखा एकदम न थांबता हळूहळू मंद का होतो, याचं कारण डबीच्या आत आहे. प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. फिल्म जिथे कच खाते, तिथला थर जळून उडतो आणि दोष आपोआप सुटा पडतो. कपॅसिटर वाचतो, पण प्रत्येक वेळी थोडं क्षेत्रफळ गमावतो, त्याची क्षमता उतरते आणि पंखा मंदावतो.

डबीवरचं वाचा

आपल्या घरातल्या ४८ इंची पंख्याच्या डबीवर बहुधा २.५ मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के, ४४० व्होल्ट एसी असं छापलेलं असतं. काही पंख्यांना ३.१५ लागतो. जुन्यावर जो आकडा असेल तोच आणा. जास्त वाऱ्याच्या आशेने मोठा बसवला तर सहायक वाइंडिंगमधून (मोटरमधल्या कपॅसिटरला जोडलेल्या तारेच्या गुंडाळीतून) जास्त करंट जातो आणि मोटर तापते.

घरात २३० व्होल्टच येतात, मग ४४० कशाला? २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास असतं. शिवाय अशा मोटरमध्ये कपॅसिटरच्या टोकांवर घरच्या व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज येऊ शकतं. म्हणून ४०० व्होल्ट ‘डीसी’ लिहिलेला कुठलाही कपॅसिटर इथे चालत नाही, मायक्रोफॅरड तंतोतंत जुळत असले तरी.

पाण्याच्या पंपात हा घोळ आणखी महागात पडतो. एक अश्वशक्तीच्या पंपाला कधी कधी दोन कपॅसिटर असतात: चालू होताना झटका देणारा आणि सतत चालणारा. पहिला एसी इलेक्ट्रोलिटिक जातीचा, मायक्रोफॅरडने मोठा, पण काही सेकंदच कामात राहणारा. तो दुसऱ्याच्या जागी लावला तर थोड्याच वेळात तापून फुगतो, फुटूही शकतो.

पंख्याचा कपॅसिटर बदलताना

१. भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, एमसीबी (मुख्य बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पाडा. जुन्या चाळींत आणि वायरिंगवर चार हात फिरलेल्या सिडकोच्या घरांत बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसलेलं असू शकतं. मग बटण बंद असूनही पंख्याच्या वायरीत वीज असते. पंखा चालू ठेवून एमसीबी पाडा, म्हणजे योग्य तोच पाडल्याची खात्री होते. घरातल्यांना सांगून ठेवा. कुणी ‘लाइट का गेली’ म्हणत परत चढवायला नको.

२. नीट शिडी घ्या. पलंगावर स्टूल ठेवून चढणं म्हणजे विजेआधीच हाडं मोडायची सोय.

३. मोटरलगतच्या वाटीचा स्क्रू ढिला करून वाटी दांड्यावर वर सरकवा. मल्टिमीटरने एसी व्होल्टेज शून्य असल्याचं पाहा. निऑनच्या टेस्टरवर एकट्यावर भरवसा ठेवू नका.

४. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कपॅसिटरच्या दोन वायरी आपसात बदलल्या तरी फरक पडत नाही, पण मोटरच्या वायरी चुकल्या तर पंखा उलटा फिरून वारा छताकडे फेकतो.

५. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज काढायला त्याच्या दोन टोकांवर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा. रेझिस्टरच्या पायांना उघडा हात लावायचा नाही. २.५ मायक्रोफॅरडमधला झटका जीव घेणारा नसतो, पण दचकून शिडीवरून पडायला तेवढा पुरतो. बरेच वायरमन स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात. ते बघायला झकास, करायला नको.

६. आता कपॅसिटर मोकळा करून मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर मोजा. २.५ चा कपॅसिटर २.४ च्या खाली गेला की उतरायला लागला. १.८ वगैरे दाखवत असेल तर पुढे विचार करायची गरज नाही.

७. नवा त्याच जागी जोडा. नुसती टेप गुंडाळण्यापेक्षा स्क्रूचा कनेक्टर बरा, कारण उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते. शेवटी डबी आणि वायरी नायलॉनच्या पट्टीने बांधा. छताच्या पंख्यात मोटरचं बाहेरचं अंगच फिरतं; लोंबणारी वायर त्याला घासली की आवरण सोललं जातं आणि अख्ख्या पंख्याच्या अंगात वीज उतरू शकते. वाटी परत जागेवर बसवताना हेच पुन्हा तपासा.

छोट्या बोर्डावरचे कपॅसिटर

जिन्यातला सेन्सर दिवा किंवा टाकीचा लेव्हल कंट्रोलर उघडलात तर पिवळी किंवा करडी चौकोनी डबी दिसेल. त्यावर ‘४७४के’, ‘एक्स-२’, ‘२७५ व्होल्ट एसी’ असं काही असेल. ४७४ म्हणजे ४७ पुढे चार शून्यं, एवढे पिकोफॅरड: ०.४७ मायक्रोफॅरड. ‘के’ म्हणजे अधिक-उणे १० टक्के. स्वस्त बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो, हाच कपॅसिटर करंट मोजून-मापून आत सोडतो: ०.४७ असेल तर साधारण ३४ मिलिअँपिअर. उतरत ०.२ वर आला की १४-१५ मिलिअँपिअरच उरतात आणि रिले (बोर्डावरचा विजेने चालणारा छोटा स्विच) टकटक करत राहतो, पकडत नाही. लोक रिले बदलून दमतात.

याच्या जागी एक्स-२ च हवा. ही जात थेट मेनवर (घरच्या २३० व्होल्टवर) बसण्यासाठी तपासून घेतलेली असते, साधा फिल्म कपॅसिटर आग लावू शकतो. फेज आणि अर्थिंगमध्ये बसणारा ‘वाय’ वर्गाचा असतो. तो शॉर्ट झाला तर उपकरणाची बॉडीच लाइव्ह होऊ शकते, त्यामुळे तिथे तर तडजोडीला जागाच नाही. अशा बोर्डावरचा प्रत्येक भाग मेनला जोडलेला समजा आणि प्लग काढल्याशिवाय हात लावू नका.

टीव्ही किंवा चार्जरच्या सप्लायमधला ४०० व्होल्टचा नळकांडी इलेक्ट्रोलिटिक डोक्यावर फुगला, खाली ओलसर डाग पडला, तर तो गेला. पट्टी असलेली बाजू ऋण. उलटा लावला तर फुटतो. नवा १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणाराच घ्या, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वरच्याच रेझिस्टरने रिकामा करायला पाच-सहा सेकंद लागतात. नंतर डीसी रेंजवर मोजून बघा.

पंख्याचा कपॅसिटर, दुकानदाराच्या भाषेत कंडेन्सर, नौपाड्यात काय, वाशीत काय, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. डबीवर आयएस १७०९ छापलेलं असेल तर बरं. पंपासाठी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जा. एक्स-२ आणि १०५ अंशांचे इलेक्ट्रोलिटिक घ्यायला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर हवं ते मिळतं. जुना खिशात असू द्या.

मायक्रोवेव्ह मात्र उघडू नका. त्यातला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या घरातला असतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. ते काम त्याच्या मेकॅनिकचं.