करोनाकाळातील सरकारी कारभारावर वाद घालायचा असेल, तर आधी तारीख विचारावी

मुंबईत करोनाचा विषय निघाला की वाद ठरलेल्या रुळांवरूनच जातो. गणपतीला जमलेल्या घरात एक जण धारावीचे उदाहरण देतो, दुसरा टाळेबंदीत वाटलेल्या खिचडीच्या कंत्राटाचा विषय काढतो, तिसऱ्याला डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेले मजूर आठवतात आणि आरतीची वेळ होईपर्यंत कोणाचेही मत तसूभरही हललेले नसते. असे वाद आमच्या घरात मी पुष्कळ ऐकले आहेत आणि त्यांतले बरेचसे मीच सुरू केले आहेत. त्यांतून एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की भांडणारी माणसे बहुधा वेगवेगळ्या महिन्यांविषयी बोलत असतात. मे २०२० मध्ये रुग्णालयात खाट मिळवण्यासाठी ज्याने दारोदार फोन केले, त्याची महापालिका आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिच्या ऑक्सिजन नियोजनाचे कौतुक केले ती महापालिका एकच असली, तरी मधल्या वर्षात आयुक्त बदलले होते, खाटा मिळवून देणाऱ्या प्रभागनिहाय वॉर रूम उभ्या राहिल्या होत्या आणि वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), गोरेगाव, मुलुंड येथे जंबो केंद्रे, म्हणजे तात्पुरती मोठी करोना रुग्णालये, झाली होती. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून समोरच्याने सरकारची स्तुती किंवा निंदा केली, की प्रतिवाद करण्याआधी कोणता निर्णय आणि कोणत्या तारखेचा, एवढेच विचारावे.

तारीख ठरली की तो निर्णय कोणाचा होता, हे पाहावे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्याचा विषय आहे, संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र व राज्य दोघांचा, विषय आहे आणि बंदरांवरील विलगीकरण केंद्राकडे आहे. राज्याने मार्च २०२० मध्ये १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, तर देशव्यापी टाळेबंदी केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आणली. त्यामुळे ‘सरकारने बंद केले’ या वाक्यातला कर्ता कोण, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही. मुंबईच्या लोकलचेच उदाहरण घ्यावे. गाड्या रेल्वेच्या, म्हणजे केंद्राच्या, पण त्यांत कोणाला बसू द्यायचे याची विनंती राज्याने करायची. ऑक्टोबर २०२० मध्ये १७ तारखेपासून महिलांना प्रवास करू द्यावा, असे राज्याने कळवले, रेल्वेने लगेच होकार दिला नाही आणि प्रत्यक्षात परवानगी २१ तारखेपासून मिळाली. त्या चार दिवसांचे खापर कोणी कोणावर फोडले, हे पाहिले की पुढची दोन वर्षे या शहरात काय चालले होते, याचा बराचसा अंदाज येतो.

केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्याखेरीज येथे एक चौथे ‘सरकार’ही मोजावे लागते, ते म्हणजे गृहनिर्माण सोसायटीची कार्यकारिणी. घरकाम करणाऱ्या बाईंना फाटकावर अडवणे, वर्तमानपत्र बंद करणे, बाधित कुटुंबाच्या दाराशी कचरा उचलायला कोणी न जाणे, असे जे लोक आजही ‘सरकारी निर्बंध’ म्हणून सांगतात, त्यातले कितीतरी नियम सोसायटीच्या सूचनाफलकावर जन्मले होते. आमच्या इमारतीत तर शासनाने मोकळीक दिल्यानंतरही लिफ्टचा नियम दीड महिना चालू राहिला आणि तो करणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा वादात असा नियम आला, तर त्याचे कागदपत्र वॉर्ड ऑफिसचे होते की सेक्रेटरींच्या सहीचे, हे आठवून पाहावे.

पक्षाच्या नावाने वाद घालण्यात मुंबईपुरती आणखी एक अडचण आहे. साथीच्या ऐन काळात राज्यात शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे सरकार होते, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते, राजेश टोपे आरोग्यमंत्री होते आणि भाजप विरोधात होता. पण त्याच मंत्रिमंडळात नगरविकास खाते एकनाथ शिंदे यांच्याकडे आणि अर्थ खाते अजित पवार यांच्याकडे होते, आणि हे दोघे अनुक्रमे २०२२ व २०२३ मध्ये भाजपबरोबर सत्तेत गेले. आता ‘त्या सरकारने’ असे म्हणून बोट दाखवणाऱ्याचे बोट त्याच्या स्वतःच्या बाजूलाही वळते आणि बचाव करणाऱ्याला आपल्या आजच्या विरोधकाचाही बचाव करावा लागतो. ही गंमत लक्षात आली की माणूस आपोआप पक्ष सोडून पद आणि तारीख बोलू लागतो.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे: त्या दिवशी काय ठाऊक होते? आज ठाऊक असलेल्या गोष्टींवरून तेव्हाच्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. मात्र ‘तेव्हा कोणालाच काही ठाऊक नव्हते’ ही सबब सरसकट मान्य करू नये. विषाणूविषयीचे अज्ञान आणि माणसांविषयीचे अज्ञान वेगळे काढावे. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी जाहीर केलेली एकवीस दिवसांची टाळेबंदी त्याच मध्यरात्री सुरू झाली. टाळेबंदी हवी होती की नको, यावर त्या दिवशीच्या माहितीने दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण हातावर पोट असलेला माणूस काम थांबले की गावाकडे निघणार, हे कळायला विषाणुशास्त्र लागत नाही. याच शहरात सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे निदान झाले, तेव्हा लोकांनी मुंबई सोडून गावाची वाट धरली होती, आणि सक्तीने रुग्णालयात नेतील या भीतीने गिरणी कामगारांनी ऑक्टोबरमध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. शंभराहून अधिक वर्षांचा हा अनुभव दप्तरात असताना १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांचा जमाव जमला आणि त्यांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या. हे सगळे कोणत्याही एका सरकारच्या पदरात घालता येत नाही, कारण गाड्या केंद्राच्या होत्या आणि मजूर ज्या राज्यात अडकले होते, त्या राज्याने त्यांच्या अन्नाची सोय करायची होती. पण ‘ठाऊक नव्हते’ ही सबब दोघांनाही मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकड्यांकडे वळताना प्रत्येक आकड्याला तो कशाचा आहे, हे विचारण्याची सवय लावावी. १६ जून २०२० रोजी मुंबईच्या करोना मृत्यूंमध्ये आधी नोंदले न गेलेले ८६२ मृत्यू एकदम मिळवले गेले. राज्यभराचा असा आकडा १,३२८ होता. या एका घटनेवरून दोन्ही बाजू चुकीचे बोलतात. आलेखातला तो सुळका दाखवून ‘एका दिवसात एवढी माणसे गेली’ म्हणणारा चुकतो, कारण ते मृत्यू आधीच्या आठवड्यांतले होते. ‘सरकारने स्वतःहून हिशेब जुळवला, म्हणजे पारदर्शकता होती’ एवढेच म्हणणाराही अर्धेच सांगतो, कारण मृत्यू दडवले जात असल्याचा आरोप विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी त्याआधीच जाहीरपणे केला होता. नोंद उशिरा झाली, हे दोघांनी मान्य करावे, आणि मग ती उशिरा का झाली, यावर वाद घालावा.

जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणाचा वापर तर फारच सैल होतो. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या त्या पाहणीत झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के आणि इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, आढळली. सरकारचा समर्थक म्हणतो, एवढ्या लोकांना लागण होऊनही मृत्यू कमी झाले, म्हणजे उपचार चांगले होते. टीकाकार म्हणतो, एवढी लागण चाचण्यांना दिसलीच नाही, म्हणजे चाचण्या अपुऱ्या होत्या. एकाच आकड्यातून दोन्ही अर्थ निघतात आणि ते एकमेकांना खोडत नाहीत. शिवाय ही पाहणी आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीनच प्रभागांची होती. धारावी जी उत्तर प्रभागात येते, त्यामुळे ‘धारावीत ५७ टक्के’ असे कोणी म्हणाले, तर त्याला तेथेच थांबवावे.

धारावीविषयी बोलताना श्रेयाची घाई करू नये. पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचे उदाहरण म्हणून तिचे नाव घेतले. मधल्या शंभर दिवसांत पालिकेचे कर्मचारी होते, घरोघर फिरलेले खासगी डॉक्टर होते, स्वयंसेवी संघटना होत्या, सार्वजनिक शौचालयांची धुलाई होती आणि गावी निघून गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या खोल्याही होत्या. यांतले एकच कारण उचलणारा माणूस साथीविषयी बोलत नसतो, निवडणुकीविषयी बोलत असतो.

देशपातळीवरच्या मृत्यूंची गोष्ट निघाली, तर अंदाज आणि नोंद यांची गल्लत होऊ देऊ नये. २०२१ अखेरपर्यंत भारताची अधिकृत नोंद सुमारे ४ लाख ८१ हजार करोना मृत्यूंची होती, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मांडला, ज्याच्या पद्धतीवर भारत सरकारने आक्षेप घेतला. अतिरिक्त मृत्यू म्हणजे नेहमीच्या वर्षांच्या मानाने जास्त झालेले सर्व मृत्यू. त्यांत उपचार न मिळाल्याने गेलेला हृदयरोगीही येतो. दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘एवढे लपवले’ म्हणणे म्हणूनच चूक आहे, आणि अंदाज परदेशी संस्थेचा आहे म्हणून तो उडवून लावणेही तितकेच चूक आहे.

भ्रष्टाचाराचा विषय आला की शब्द विशेष जपून वापरावेत. मृतदेह ठेवण्याच्या पिशव्या, खिचडीचा पुरवठा, जंबो केंद्रांची कंत्राटे यांवर गुन्हे दाखल झाले आणि तपास यंत्रणांनी कारवाई केली. पण आरोप, गुन्हा दाखल होणे, आरोपपत्र आणि दोषसिद्धी या चार वेगळ्या पायऱ्या आहेत आणि आपण कोणत्या पायरीविषयी बोलतो आहोत, हे दर वेळी सांगावे. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या विशेष अहवालात पालिकेच्या कामांवर कडक ताशेरे आहेत, पण करोनाखर्चाची कागदपत्रे साथरोग कायद्याकडे बोट दाखवून पालिकेने दिली नाहीत, असेही त्यातून समजते. त्यामुळे त्या अहवालाचा हवाला देऊन करोनाखर्च खाल्ला किंवा नाही खाल्ला, यांतले काहीच सिद्ध करता येत नाही. कागद दिले नाहीत, ही मात्र स्वतंत्र तक्रार आहे आणि माझ्या मते ती बाकी सगळ्या आरोपांहून भारी आहे.

ज्याला खरोखर कागद हवा असेल, त्याने माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ‘अमुक निर्णय का घेतला’ असे विचारू नये, कारण कायदा कारणे देत नाही, नोंदीत असलेली माहिती देतो. त्याऐवजी अमुक तारखेच्या कार्यादेशाची, बैठकीच्या इतिवृत्ताची किंवा देयकाची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर पटले नाही, तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. तेथे तारखा पडत राहतात, धीर धरावा.

घरातल्या वादात एक पथ्य मात्र आकड्यांच्याही आधी पाळावे. समोरच्याच्या घरात कोणी गेले असेल, तर त्याच्या अनुभवाला टक्केवारीने उत्तर देऊ नये. एप्रिल २०२१ च्या मध्यात ऑक्सिजन कमी पडण्याच्या भीतीने पालिकेने आपल्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण एका रात्रीत हलवले. ते काम वाखाणण्याजोगे होते, पण ज्यांचा माणूस त्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या वॉर्डात खाटेच्या प्रतीक्षेत गेला, त्यांच्यापुढे ही गोष्ट सांगणे केवळ उद्धटपणाचे ठरते. आधी ऐकून घ्यावे. ‘काकू, हे कोणत्या तारखेचं?’ एवढा प्रश्न पुष्कळदा पुरेसा होतो, कारण तारीख सांगताना त्यांना फोन, रुग्णवाहिका, वॉर रूमचा नंबर असे सगळे क्रमाने आठवू लागते, आणि दोष नक्की कोठे होता, हे त्याच सांगतात.

एवढे करूनही काही मतभेद उरतातच, आणि ते उरू द्यावेत. माझा आणि माझ्या मेहुण्यांचा असा एक वाद १५ ऑगस्ट २०२१ चा आहे. त्या दिवसापासून दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलची परवानगी मिळाली. अठरा वर्षांवरील सर्वांना केंद्राकडून मोफत लस देण्याचे धोरण २१ जूनला सुरू झाले आणि कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये तेव्हा किमान ८४ दिवसांचे अंतर होते. म्हणजे २१ जूनला पहिली मात्रा मिळालेल्या विरारच्या पोऱ्याला दुसरी मात्रा १३ सप्टेंबरच्या आधी मिळणे शक्य नव्हते आणि लोकल २७ सप्टेंबरच्या आधी नाही. अंतर आणि पुरवठा केंद्राचा, अट राज्याची, हे आम्ही दोघेही मान्य करतो. मेहुणे म्हणतात, दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, गर्दी टप्प्याटप्प्यानेच सोडायला हवी होती. मी म्हणतो, पैसे मोजून मे महिन्यात लस घेणारा ऑगस्टमध्ये गाडीत बसला आणि फुकटच्या रांगेत उभा राहिलेला बसच्या रांगेत उभा राहिला. तारखा दोघांच्या त्याच आहेत.