आरसी बोटीची मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स निवडताना या चुका टाळा

आरसी (रेडिओने चालवायची) बोट बांधताना बहुतेक जण आधी मोटर घेतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळाली म्हणून, नाहीतर जुन्या आरसी गाडीतून निघाली म्हणून. मग तिला जमेल ती बॅटरी, बॅटरीला जमेल तो ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) आणि शाफ्टवर बसेल तो प्रॉप (पाण्यातला पंखा). हा क्रम उलटा आहे. मोटर किती करंट ओढणार ते तिच्या खोक्यावर छापलेलं नसतं, ते प्रॉप ठरवतो. त्यामुळे आधी हल (बोटीचा सांगाडा) आणि हवा तो वेग ठरवा. त्यावरून प्रॉप, प्रॉपवरून आरपीएम (मिनिटाला फेरे), आरपीएमवरून मोटर-बॅटरीची जोडी आणि ईएससी सगळ्यात शेवटी.

केव्ही म्हणजे ताकद नव्हे

केव्ही म्हणजे एका व्होल्टला रिकामी मोटर मिनिटाला किती फेरे मारेल, एवढंच. २००० केव्हीची मोटर ३एस लायपोवर (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, ११.१ व्होल्ट) २२,२०० फेरे मारते, ४एसवर (१४.८ व्होल्ट) २९,६००. ६०-७० सेंमीच्या वेगवान बोटीला सुरुवातीला २० ते २८ हजारांचा हिशेब पुरतो. टग किंवा मच्छीमार होडीच्या संथ मॉडेलला सहा-आठ हजारही पुष्कळ झाले.

‘मोटर तीच ठेवू, ३एसऐवजी ४एस लावू, जरा जोरात पळेल’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाण्यात प्रॉप फिरवायला लागणारी शक्ती आरपीएमच्या घनाने वाढते. आरपीएम एक-तृतीयांशाने वाढले की शक्ती २.३७ पट लागते आणि व्होल्टेज वाढल्याचा फायदा धरूनही करंट १.७८ पट होतो. ३एसवर ४० अँपिअर ओढणारी बोट ४एसवर ७१ मागते. ६० अँपिअरचा ईएससी तिथेच संपला. प्रॉपचा व्यास तर याहून खट्याळ, कारण तिथे पाचवा घात लागतो: ४० मिमीच्या जागी त्याच घडणीचा ४५ मिमीचा प्रॉप लावला तर तेच आरपीएम टिकवायला १.८ पट शक्ती हवी. प्रत्यक्षात भाराखाली आरपीएम उतरतात, म्हणून हे आकडे थोडे खाली येतात. पण ईएससी जळायला तेवढेही पुरतात. सेल वाढवायचा असेल तर प्रॉप लहान करा किंवा कमी केव्हीची मोटर घ्या.

अंदाजावर विसंबू नका. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर लावून एक छोटी फेरी मारा आणि सर्वाधिक करंटचा आकडा बघा. बॅटरी काढण्याआधीच बघा, कारण स्वस्त मीटर बॅटरी सुटली की आकडा विसरतात. मिळालेल्या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा ईएससी हवा.

दुसऱ्या कामासाठी बनलेल्या वस्तू

ड्रोनचा ३० अँपिअरचा ईएससी स्वस्त मिळतो, पण त्याला सहसा रिव्हर्स नसतो आणि त्याचं थंड होणं प्रॉपच्या वाऱ्यावर अवलंबून असतं. बंद हलमध्ये वारा कुठला? गाडीच्या ईएससीला रिव्हर्स असतो, मात्र त्याच्या पंख्याला आतली तीच गरम हवा फिरवावी लागते. बोटीला पाण्याच्या नळ्या जोडता येणारा मरीन ईएससीच घ्या. ड्रोनची उघडी आउटरनर मोटरही टाळा: बाहेरचं कवचच फिरत असल्याने तिच्यावर पाण्याचं जॅकेट चढत नाही. २८४५ किंवा ३६५०सारखी इनरनर (कवच स्थिर, आतला भाग फिरणारी) बरी. यात पहिले दोन आकडे व्यासाचे आणि नंतरचे दोन लांबीचे, मिमीमध्ये.

कॉलेजच्या प्रोजेक्टांत हमखास दिसणारी जोडी म्हणजे ७७५ ब्रश्ड मोटर (आत कार्बनचे ब्रश असलेली) आणि एल२९८एन ड्रायव्हर. त्या चिपची मर्यादा एका चॅनेलला २ अँपिअर, शिवाय ती स्वतःच दोनेक व्होल्ट खाते. प्रॉपच्या भाराखाली ७७५ त्याच्या कितीतरी पट करंट मागते. ‘३२० अँपिअर’ लिहिलेल्या स्वस्त ब्रश्ड ईएससीचा आकडाही सलग करंटचा नसतो, त्यावर हिशेब मांडू नका. ब्रश्ड मोटर वापरणार असाल तर ०.१ मायक्रोफॅरडचे (अंगावर १०४ छापलेले) तीन सिरॅमिक कॅपॅसिटर डकवा: एक दोन्ही टर्मिनलांमध्ये आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या धातूच्या कवचाला एकेक. नाहीतर ब्रशच्या ठिणग्यांनी रिसीव्हर (रेडिओचा सिग्नल घेणारा) गोंधळतो आणि सर्व्हो (रडर वळवणारी छोटी मोटर) थरथरत राहतो.

वायरी कुठे वाढवायच्या

वजनाचा तोल साधायला बॅटरी पुढे न्यायची म्हणून तिच्या वायरी लांबवल्या जातात. बॅटरी आणि ईएससीमधली वायर लांब झाली की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीचे कॅपॅसिटर फुगून जातात. लांबवायच्याच तर ईएससीकडून मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरी लांबवा. दुसरा इलाज नसेल तर बॅटरीच्या बाजूला वाढवलेल्या दर १० सेंमीमागे २२० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कॅपॅसिटर ईएससीच्या तोंडाशी लावा, बॅटरीच्या पूर्ण चार्ज व्होल्टेजहून बऱ्यापैकी जास्त व्होल्टेजचा.

लायपोच्या वेष्टनावरचा सी-आकडा (क्षमतेच्या किती पट करंट देता येतो ते सांगणारा) अर्धा धरा. ५००० एमएएच, ३०सी म्हणजे कागदावर १५० अँपिअर. सलग ७५ मिळाले तरी समाधान माना. वेळेचाही हिशेब आधीच करा: ८० टक्केच वापरायची म्हटल्यावर ४ अँपिअर-तास हाती उरतात, सरासरी ४० अँपिअरला ते सहा मिनिटांत संपतात. कटऑफ (ज्या व्होल्टेजला ईएससी मोटर बंद करतो तो आकडा) सेलमागे ३.४ व्होल्टच्या आसपास ठेवा. आणि ईएससी चुकून निकेल बॅटरीच्या सेटिंगवर तर नाही ना, ते तपासा. त्या सेटिंगवर लायपो फुगेपर्यंत बोट पळतच राहते.

बोट मध्येच थांबली तर

आधी रडर (सुकाणू) हलतो का ते पाहा. मोटर बंद पण रडर चालू असेल तर ईएससीने स्वतःच हात वर केलेत: बॅटरी उतरली किंवा तो तापला. मोटर आणि रडर दोन्ही गेले असतील तर बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारं सर्किट) दगावली किंवा सिग्नल तुटला. ईएससीतली लिनियर बीईसी ४एसवर मोठ्या सर्व्होचा भार सोसत नाही, तिच्याऐवजी ५ व्होल्ट, ३ अँपिअरची वेगळी यूबीईसी लावा आणि ईएससीच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या प्लगमधली लाल पिन काढून इन्सुलेट करा. सिग्नलची शंका असेल तर अँटेना बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून हलच्या तळाशी गुंडाळून ठेवलेली अँटेना काठावर चालते आणि पन्नास मीटरवर दगा देते. तिचं टोक नळीतून डेकच्या वर उभं काढा. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधणं हा स्वस्त आणि बऱ्यापैकी चालणारा उपाय.

फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) न लावता बोट पाण्यात सोडणं हा तर हट्ट झाला. बोट स्टँडवर ठेवा, प्रॉप काढा, हलका थ्रॉटल द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर लगेच थांबायला हवी. ठाण्याच्या तलावपाळीसारख्या ठिकाणी जिथे माणसं बोटीत बसून फिरतात, तिथे परवानगी आणि मोकळा कोपरा दोन्ही आधी बघा.

सुरुवातीलाच मोटर अडखळत असेल तर तीनपैकी एका वायरीचा जोड कच्चा आहे का ते तपासा, मग प्रॉप जड आहे का ते. उलटी फिरत असेल तर कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा. मोटर फारच तापत असेल तर शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. तो कुठे अडत असेल तर कपलर (मोटर आणि शाफ्ट जोडणारा तुकडा) बहुधा सरळ रेषेत नाही. फ्लेक्स केबल (लवचिक शाफ्ट) असेल तर ड्राइव्ह डॉग (प्रॉपला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रटमध्ये (शाफ्टला आधार देणारा कंस) ३-४ मिमी जागा सोडा, भाराखाली केबल आखडते.

आपल्या पाण्याची खोड

ठाण्याच्या तलावांत काठाशी हाराचे दोरे, प्लास्टिक, शेवाळ असतं. ते प्रॉपला गुंडाळलं की मोटर जाम होते आणि काही सेकंदांत ईएससी जातो. आवाज बदलला की थ्रॉटल सोडा, रिव्हर्सने सोडवायचा प्रयत्न एकदाच करा. हाच कचरा थंड पाण्याच्या तोंडात अडकतो, म्हणून निघालेल्या पाण्याची धार नेहमी काठावरून दिसेल अशा बाजूला काढा. धार थांबली की बोट परत. पाणी आधी ईएससीतून, मग मोटरच्या जॅकेटमधून न्या.

ठाण्याच्या खाडीत बोट सोडूच नका. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ पासून ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि ओहोटीच्या चिखलातून बोट परत आणता येत नाही ते वेगळंच. नवी मुंबईतल्या धारण तलावांतही (भरतीचं आणि पावसाचं पाणी साठवणारे तलाव) खाडीचं खारं पाणी शिरतं. अशा पाण्यात बोट गेलीच तर घरी आल्यावर ती आतबाहेर गोड्या पाण्याने धुवा, नळ्यांतून पाणी सोडा, बेअरिंगला तेल द्या, झाकण रात्रभर उघडं ठेवा. ईएससीची सर्किटची पाटी झाकायला आंबूस वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक कोटिंग वापरा, आणि कनेक्टरची तोंडं मात्र मोकळी ठेवा.